उजेड रंगवायला शिकताना

बत्तीस मिलिमीटर उंचीच्या माणसाच्या नाकाखाली पडणारी सावली हातभर अंतरावरून दिसत नाही. खरा माणूस उन्हात उभा राहिला की भुवईखाली, हनुवटीखाली, सदऱ्याच्या चुण्यांत काळोख साठतो. कपाळ, नाकाचा शेंडा, खांदे उजळतात. त्या फरकामुळेच तो भरीव दिसतो. तोच माणूस बोटाच्या दीड पेराएवढा करा, अंगभर एकसारखा रंग द्या आणि टेबलावर ठेवा. नाक कुठं, गाल कुठं, काही उमगत नाही. म्हणून छोट्या आकृतीवर उजेडही आपणच रंगवायचा असतो आणि सावलीही. सांगलीतल्या आमच्या क्लबात येऊन मी जे शिकले त्यात सगळ्यात मोलाचं हेच. ते हातात यायला काय काय करावं लागलं, ते सविस्तर लिहिते.

क्लब म्हणजे नोंदणी केलेली संस्था नव्हे. विश्रामबागेत आमच्यातल्या एकाच्या गच्चीवर पत्र्याची खोली आहे, तिथं रविवारी सकाळी आम्ही जमतो. दोन लांब टेबलं, ज्याचा त्याचा टेबल-लॅम्प, कोपऱ्यात पाण्याची बादली. बनवतो आणि रंगवतो त्या कल्पित जगातल्या आकृती : चिलखती योद्धे, चेटकिणी, ड्रॅगन, सांगाड्यांच्या फौजा, बुटके लोहार. येणारे लोक तऱ्हेतऱ्हेचे आहेत. वालचंद कॉलेजातली मुलं आहेत, मिरजेत दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवणारे एक दादा आहेत, मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर बसणारा एक जण आहे, हौशी नाटकांची रंगभूषा करणाऱ्या ताई आहेत. आणि गावभागात ज्यांचा गणपतीचा कारखाना आहे ते काका आहेत. मी पतसंस्थेत काउंटरवर असते.

काकांमुळेच मी इथं आले. घरचा गणपती ठरवायला त्यांच्याकडे गेले होते, तर पांढऱ्या रंगाचा हात दिलेल्या मूर्तींच्या रांगेत, फळीच्या टोकाला, बोटभर उंचीचा एक सुळेवाला राक्षस उभा होता. त्याच्या खांद्यावरच्या कातड्याच्या पट्ट्याला शिवण होती आणि त्या शिवणीचा टाका न् टाका रंगवलेला होता. मी विचारलं तर काका म्हणाले, "आमच्या पोरांचा क्लब हाय. ये की रविवारी, बघ तरी." लहानपणी दिवाळीला भावाबरोबर किल्ला करताना बुरुजावर कुठला मावळा ठेवायचा यावरून आमची भांडणं व्हायची. त्या मावळ्यांची तोंडं मी घरी आणून परत रंगवायचे. तो हात पुन्हा वळवळला म्हणा.

हा छंद मुळात इंग्लंडातून पसरला. गेम्स वर्कशॉप ही कंपनी १९७५ मध्ये लंडनमध्ये सुरू झाली. धातूच्या आकृती ओतणारी सिटाडेल १९७९ मध्ये आली आणि १९८३ मध्ये वॉरहॅमर हा टेबलावर फौजा मांडून खेळायचा खेळ निघाला. आधी शिसं, मग शिसं नसलेला मिश्रधातू, आता बहुतेक सगळं प्लॅस्टिक आणि रेझिन, असा त्याचा प्रवास. आमच्या क्लबातली पोरं खेळतातही, फूटपट्टी घेऊन इंच मोजतात, फाशांचा खडखडाट करतात. मला खेळात तितकासा रस नाही. माझं मन रंगवण्यात आहे आणि क्लबात त्याला कुणाची हरकत नाही.

आकृती पेटीतून तयार निघत नाही. पॉलिस्टायरिनच्या चौकटी निघतात, त्यांना डोकी, हात, ढाली, तलवारी बारीक दांड्यांनी चिकटलेल्या असतात. कटरने तोडताना सुटा भाग आणि कटरचं पातं यांत थोडी जागा सोडायची आणि उरलेला खुंट नंतर पात्याने तासायचा. अंगालगत तोडलं तर प्लॅस्टिकवर पांढरा ताण उमटतो, कधी टवकाही उडतो. मग येते साच्याची रेघ. साच्याचे दोन भाग जिथं मिळतात तिथं आकृतीच्या अंगावर केसाएवढी उंच रेघ राहते. पायाच्या बाजूने, दंडावरून, कधी थेट गालावरून गेलेली. कोऱ्या प्लॅस्टिकवर ती दिसत नाही, पण रंग चढला की लखलखीत दिसते. पात्याची पाठ आडवी धरून हलक्या हाताने खरवडत जायचं. हे काम कंटाळवाणं आहे असं बरेच जण म्हणतात. मला ते आवडतं. रेघ शोधण्याच्या निमित्ताने आकृतीचा कानाकोपरा बोटांना माहीत होतो, आणि पुढं कुठं सावली घालायची हे त्या वेळीच अर्धं ठरलेलं असतं.

चिकटवण्यात एक बारकी गोष्ट आहे. प्लॅस्टिकसाठीचं सिमेंट म्हणजे खरं तर द्रावक. ते दोन्ही कडा किंचित विरघळवतं आणि दोन्ही भाग एकजीव होतात. धातू आणि रेझिनवर त्याचा काही उपयोग नाही, तिथं फेविक्विकसारखं लागतं. पण त्याची वाफ बसून आजूबाजूला पांढुरकी पुटं चढतात, म्हणून थेंब काडीच्या टोकावर घेऊन लावायचा. जोडाची फट राहिली तर एम-सीलची कणीएवढी गोळी दाबून ओल्या बोटाने सारखं करायचं. सगळी आकृती एकदम जोडू नये, हे मला दादांनी सांगितलं. छातीसमोर ढाल असेल तर ढाल वेगळी ठेवायची, झगा पाठीला चिकटून असेल तर झगा वेगळा. प्रत्येक सुटा भाग पिनेवर टोचून रंगवायचा आणि शेवटी बसवायचा. ब्रश जिथं पोचत नाही तिथं उजेडही पोचत नाही हे खरं असलं, तरी काळोखालासुद्धा रंग लागतो.

मग अस्तर. याला सगळे प्रायमर म्हणतात, काका 'अस्तराचा हात' म्हणतात. प्लॅस्टिकवर ॲक्रिलिक थेट दिला तर तो धरत नाही, नखाने निघून येतो. डब्यातला स्प्रे सोयीचा, पण सांगलीच्या हवेत त्याची वेळ सांभाळावी लागते. एप्रिल-मेच्या दुपारी तापमान चाळिशीला टेकलेलं असतं, तेव्हा फवारलेले थेंब आकृतीवर पोचायच्या आधी हवेतच सुकतात आणि अंगावर वाळूसारखी खरखर बसते. पावसाळ्यात हवेतली ओल रंगात धरली जाते आणि वरून धुकट साय येते. म्हणून उन्हाळ्यात आम्ही सूर्य वर यायच्या आत फवारतो, आणि आषाढ-श्रावणात ब्रशनेच अस्तर देतो.

अस्तराच्या टप्प्यावर मला पहिल्यांदा उजेड कळला. आधी सगळी आकृती काळी करायची. ती सुकली की बरोबर डोक्यावरून, एकाच दिशेने, पांढरा किंवा फिकट करडा अगदी हलका फवारायचा. जिथं जिथं वरचा उजेड पडेल तिथं पांढरं बसतं, कुशीत आणि चुण्यांत काळं राहतं. काकांकडे मूर्तीला शेडिंग करायची बारकी गन आहे, त्यांनी ती माझ्या हातात दिली. गुडघे, पोटऱ्या, हनुवटी, सुळे, एकेक करून अंधारातून वर आलं. रंगाचा अजून पत्ता नव्हता आणि राक्षसाला वजन आलं होतं. काका म्हणाले, "उजेड कुठनं यायलाय ते आधी ठरीव. मग कुठला बी रंग लाव, बिघडत नाही." गन नसेल त्याने कोरड्या ब्रशनेही हेच करता येतं. ब्रशला रंग घ्यायचा, फडक्यावर जवळजवळ सगळा पुसायचा आणि उंचवट्यांवरून वरून खाली फिरवायचा. त्या अवस्थेतला फोटो मी मोबाइलमध्ये काढून ठेवते. पुढं रंगांच्या थरात वाट चुकल्यासारखं वाटलं की तो उघडून बघायचा.

रंगांबद्दल लोक आधी विचारतात की बाहेरचेच घ्यावे लागतात का. स्पेनचे वाय्येहो, डेन्मार्कचे आर्मी पेंटर हे या कामासाठीच केलेले रंग; त्यांचं रंगद्रव्य फार बारीक दळलेलं असतं आणि ते पातळ केले तरी झाकतात. क्लबात चार जणांनी मिळून मागवलेल्या बाटल्या आहेत. पण माझं निम्म्याहून जास्त काम कॅम्लिनच्या ट्यूबवर चालतं. दांडेकरांनी १९३१ मध्ये सुरू केलेली ही कंपनी, आपल्या शाळेच्या कंपासपेटीपासून ओळखीची. ट्यूबमधला रंग कॅनव्हाससाठी घट्ट केलेला असतो, तो आहे तसा लावला तर आकृतीच्या नाकपुड्या बुजतात. पाणी आणि जरासं मॅट मीडियम (चमक न आणणारं माध्यम) घालून दुधाइतका पातळ करायचा आणि एका जाड हाताऐवजी दोन-तीन पातळ हात द्यायचे. प्रत्येक हात पुरता सुकू द्यायचा. ही शिस्त बाणली की स्वस्त रंगसुद्धा देखणा बसतो.

उन्हाळ्यात रंग ब्रशवरच सुकतो, त्याला तोड म्हणजे ओला पॅलेट. चपट्या डब्यात भिजवलेला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद, त्यावर रंग. खालून ओल झिरपत राहते आणि रंग तासन्‌तास ओला राहतो, झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही चालतो. धातूचे रंग मात्र त्यावर घ्यायचे नाहीत. त्यांच्यात अभ्रकाचा बारीक चुरा असतो, तो पसरतो. त्या ब्रशचं पाणीसुद्धा वेगळं ठेवायचं, नाहीतर चेटकिणीच्या काळ्या झग्यावर चमचम उमटते.

ब्रशचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. बारीक टोकाच्या ब्रशसाठी मुंगसाचे केस नावाजले जायचे आणि अजूनही कुठं कुठं गुपचूप विकले जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांचा व्यापार गुन्हा आहे, आणि एका ब्रशच्या टोकासाठी मुंगसं मारली जातात हे कळल्यावर कुणालाही ते हातात धरवू नये. चांगला सिंथेटिक ब्रश, शून्य किंवा एक नंबरचा, टोक शाबूत असलेला, एवढ्यात सगळं होतं. डोळ्यांसाठीसुद्धा. तीन शून्यांचा ब्रश घेतला की काम बारीक होतं हा समज खोटा आहे, कारण तेवढ्याशा केसांत रंगच मावत नाही, टेकवायच्या आत सुकतो. टोक बारीक हवं, पोट भरलेलं हवं.

मूळ रंग देऊन झाले की वॉश. रंगद्रव्य अगदी थोडं, पाणी आणि माध्यम जास्त, असा हा पातळसर गडद द्रव आकृतीवर सोडला की तो आपोआप खोलगट जागी उतरतो, चिलखताच्या साखळ्यांत, बोटांच्या बेचक्यांत, दाढीच्या केसांत. पाच मिनिटांत आकृती जिवंत वाटायला लागते, म्हणून नव्या माणसाला वॉशचं वेड लागतं. पण सपाट जागेवर तो साचला तर कडेला डाग धरतो, तिथनं ओल्या ब्रशने टिपून घ्यावा लागतो. आणि वॉश सावली देतो, उजेड देत नाही. उजेडासाठी पुन्हा उंचवट्यांवर यायचं आणि मूळ रंगापेक्षा फिका, मग आणखी फिका, असे लहान लहान होत जाणारे थर चढवायचे.

फिका करायचा म्हणजे पांढरा मिसळायचा, असं नाही. लालमध्ये पांढरा घातला की गुलाबी होतो, सैनिकाचा अंगरखा एकदम बारशाचा वाटतो. लाल उजळायचा तर नारिंगीकडे न्यायचा. हिरवा पिवळ्याकडे, निळा किंचित आकाशी करड्याकडे. सगळ्यात हट्टी पिवळा. अडतीवरच्या आमच्या मित्राला आपल्या सेनापतीचा झगा हळदीच्या रंगाचाच हवा होता, राजापुरी हळदीचा, लिंबू पिवळा नाही. पिवळ्यात झाकायची ताकद कमी असते, काळ्यावरून तो चढतच नाही, मळकट हिरवा दिसतो. शेवटी खाली फिकट विटकरी, त्यावर गेरूमिश्रित पिवळा, मग शुद्ध पिवळा, आणि कडांना हस्तिदंती, असा चार पायऱ्यांनी तो झगा झाला. त्याने दुकानातल्या हळकुंडाशेजारी ठेवून पाहिला. आजही तो झगा क्लबातल्या कपाटात पहिला नजरेत भरतो.

आता डोळ्यांचं. यावर आमच्यात खरा वाद आहे आणि तो मिटेल असं मला वाटत नाही. मूर्तिकलेत डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी. अंग, शेला, दागिने सगळं उरकतं, मग कारखान्यातला सगळ्यात जाणता हात बसतो आणि डोळे आखतो. तोवर ती मूर्ती माती असते. काका इथंही तसंच करतात. मुलं म्हणतात, डोळे आधी. कारण एवढ्या छोट्या चेहऱ्यावर बुबुळ सरकणारच, आणि आधी केलं असेल तर आजूबाजूला कातडीचा रंग भरताना पापणीची रेघ नीट करून घेता येते. मी दोन्ही करून पाहिलं. साध्या सैनिकांसाठी मुलांची पद्धत सोयीची आहे. पण ज्या आकृतीत मन गुंतलं आहे तिचे डोळे मी काकांसारखे शेवटीच आखते, कारण तोपर्यंत उजेड, कपडे, मानेचा कल सगळं ठरलेलं असतं आणि ती कुठं बघते आहे हे मला कळलेलं असतं.

आखायचे कसे, हे काकांच्या शेजारी बसून पाहण्यासारखं आहे. दोन्ही कोपरं टेबलावर, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवलेली, एका हातात आकृती जिच्यावर बसवली आहे ती मूठ, दुसऱ्यात ब्रश. म्हणजे हात कापलाच तर दोन्ही एकत्र कापतात. श्वास घ्यायचा, सोडायचा, आणि सोडता सोडता रेघ. डोळ्याचा पांढरा कधी शुद्ध पांढरा नाही, किंचित मातकट. बुबुळाचा ठिपका न देता वरून खाली बारीक उभी रेघ ओढायची, तिची दोन्ही टोकं पापण्यांत जाऊ द्यायची. ठिपका दिला तर डोळा वटारल्यासारखा दिसतो. पहिल्यांदा उजवा डोळा आखायचा की डावा? ज्या हाताने लिहिता त्याच्या उलट्या बाजूचा अवघड डोळा आधी, म्हणजे सोपा डोळा त्याच्याशी जुळवून घेता येतो. हे काकांनी मी न विचारताच सांगितलं, आणि त्यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे.

रंगभूषा करणाऱ्या ताई सुरुवातीला कमी बोलायच्या. एकदा माझ्या चेटकिणीचा चेहरा त्यांनी हातात घेतला आणि म्हणाल्या, "अगं, शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसायला हवं ना." विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथं 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हापासून या गावाला नाटकाची सवय आहे, आणि शेवटच्या रांगेचा विचार इथल्या रंगभूषेच्या हाडात भिनलेला आहे. नट जवळून पाहिला तर गालाखालची तपकिरी छटा भडक वाटते, कपाळावरचा फिका पट्टा रेघ ओढल्यासारखा वाटतो. पडदा वर गेला, दिवे लागले की तोच चेहरा साफ दिसतो. आकृतीचंही तेच. भिंगातून पाहताना जे अति वाटतं तेच हातभर अंतरावर नेमकं बसतं. त्या दिवसापासून मी दर थोड्या वेळाने भिंग काढते, आकृती हात लांब करून धरते आणि तिथनंच निर्णय घेते. गालाच्या हाडाखाली किती गडद जायचं याची माझी भीड ताईंनी मोडली.

दुसऱ्यांनी घडवलेल्या आकृती रंगवून हात बसला, तसं स्वतःचं काही घडवावंसं वाटायला लागलं. ड्रॅगन आणि बुटके मला प्रिय आहेत, पण माझ्या मनातला पहिला अक्राळविक्राळ प्राणी आजीच्या गोष्टीतला गिऱ्हा. पाण्यात बुडून मेलेला, डोहात राहणारा, रात्री वाटसरूला ओळखीच्या आवाजात हाक मारून खोल पाण्याकडे नेणारा. आजी म्हणायची, त्याचा केस ज्याच्या हाती लागला त्याची तो चाकरी करतो. मी नदीकाठी वाढले, त्यामुळे गिऱ्हा मला कधी परका वाटला नाही.

वालचंदच्या मुलांकडे रेझिनचा प्रिंटर आहे. ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने रेझिन थराथराने घट्ट होतं, एक थर साधारण ०.०५ मिलिमीटरचा, त्यामुळे आकृती फार सुबक निघते. कच्चं रेझिन कातडीला लागू द्यायचं नाही, नायट्राइलचे हातमोजे घालायचे, आकृती धुवायला वापरलेलं अल्कोहोल मोरीत ओतायचं नाही, हे नियम क्लबात भिंतीवर चिकटवलेले आहेत आणि ते पाळले जातात. संगणकावर मूर्ती घडवणंही कसबाचं काम आहे. मला मात्र बोटांनी घडवायचा होता.

जुन्या वायरीतली तांब्याची तार काढून सांगाडा केला : कणा, खांदे, दोन लांब हात. त्यावर पहिल्यांदा एम-सीलचा नुसता गाभा दाबला आणि रात्रभर सुकू दिला. मग त्यावर स्नायू, ते सुकल्यावर कातडी, मग चेहरा. एका बैठकीत सगळं करायला गेलं तर नाक घडवताना अंगठ्याने छाती चेपते, म्हणून थर घट्ट झाल्याशिवाय पुढं जायचं नाही. एम-सील दगडासारखं कडक होतं आणि पॉलिश पेपरने छान घासता येतं, पण पातळ कडांना ठिसूळ. केसांच्या बटांसाठी म्हणून ग्रीन स्टफ वापरलं, निळी आणि पिवळी पट्टी मळून हिरवी होणारी ती पुट्टी सुकल्यावरही थोडी लवचीक राहते. हत्यारं दादांनी दिली. दातांच्या मेणावर कोरीवकाम करायचा लेक्रॉन कार्व्हर, एका टोकाला चमच्यासारखा, दुसऱ्या टोकाला पात्यासारखा, या कामासाठी जणू घडवलेला आहे. टोक पाण्यात बुडवत राहिलं की पुट्टी चिकटत नाही. ओठ मागे ओढलेले आणि हिरड्या उघड्या पडलेल्या असाव्यात असं मी म्हटल्यावर दादांनी स्वतः बसून दातांची कमान कशी वळते ते दाखवलं. समोरचे चार सपाट, सुळ्यापाशी वळण, मग आत जाणाऱ्या दाढा. त्या वळणामुळे गिऱ्ह्याचं तोंड खरं वाटतं. सरळ रेषेत दात बसवले असते तर कुंपण दिसलं असतं.

त्याला उभा कुठं करायचा याचा मी पुष्कळ विचार केला. कृष्णेचं पाणी आमच्याकडे आयर्विन पुलापाशी फुटांत मोजतात. पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी, हे इथल्या लहान मुलालाही तोंडपाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. गावभागात पाणी शिरलं, काकांच्या कारखान्यातल्या शाडूच्या मूर्ती, गणपती तोंडावर आलेले असताना, फळ्यांवरच विरघळल्या. म्हणून ठरवलं की माझा गिऱ्हा पुलाच्या दगडी खांबाला बिलगलेला असेल आणि खांबावर फुटांचे आकडे असतील. अठ्ठावीस मिलिमीटरच्या आकृतींचं प्रमाण साधारण एकास छप्पन्न, म्हणजे एक फूट सुमारे साडेपाच मिलिमीटरचा. त्या अंतराने खुणा केल्या. बेचाळीस ते सत्तेचाळीस एवढेच आकडे मावले. पंचेचाळीसचा तांबडा केला आणि गिऱ्ह्याची बोटं बरोबर त्या आकड्याला धरून ठेवली. काकांना विचारूनच केलं हे. त्यांनी खांबाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "कर. पण पाणी निळं नको करू."

निळं केलंच नाही. पारदर्शक इपॉक्सी ओतून झऱ्यासारखं पाणी करता येतं, पण पुराची कृष्णा पारदर्शक नसते. पुट्टीचे लोट केले, त्यावर गढूळ तांबूस तपकिरी, फेसाच्या जागी हस्तिदंती, आणि वरून चकचकीत वॉर्निश. गिऱ्ह्याच्या कातडीला करडट हिरवा. बोटांची टोकं, पापण्या आणि ओठांच्या कडांना अगदी पातळ जांभळा, दोन-तीन हातांत. त्याचं बाकीचं अंग मॅट ठेवलं, आणि फक्त केस, खांदे, नाकाचा शेंडा इथं चमक दिली, म्हणजे नुकताच पाण्यावर आल्यासारखा दिसावा. उजेड मी नुसता वरून आणला नाही. पुरात आभाळ भरलेलं असतं, सावल्या मऊ असतात. म्हणून वरचा उजेड मंद ठेवला आणि हनुवटीखाली, काखेत पाण्यावरून उसळलेला तांबूस रंग हलकेच चढवला. हे ताईंच्या शिकवणीच्या उलट होतं, म्हणजे फरक कमी ठेवायचा होता, आणि तरी हातभर अंतरावरून आकार सुटता कामा नये. डोळ्यांत तो फरक वाचवून ठेवला : काळेभोर खळगे आणि त्यात एकेक मातकट पांढरी रेघ.

काकांनी तो लॅम्पखाली फिरवून पाहिला, मग लॅम्प बंद करून खिडकीच्या उजेडात पाहिला. "पाण्याचा उजेड बरोबर आलाय," एवढं म्हणाले. हळदवाल्या मित्राला तांबडा आकडा आधी दिसला, गिऱ्हा नंतर. आईने मात्र घरातल्या कपाटात ठेवू दिला नाही, तो क्लबातच आहे.

आता सगळ्यांनी मिळून वेताळाची पालखी करायला घेतली आहे. दिवाळीत गच्चीवर मोठा किल्ला करायचा, तटावर नीट रंगवलेले मावळे, आणि डोंगराच्या मागच्या अंगाला, अंधारात, ही पालखी. हिच्यात उजेड वरून येणार नाही, मशालींतून येणार, आणि ते प्रकरण अवघड आहे. ज्योत सगळ्यात उजळ राहिली पाहिजे. तिच्याजवळचा गाल नारिंगी, खांदा त्याहून मंद, पाठ पूर्ण काळोखात. अंतर वाढेल तसा उजेड झपाट्याने कमी व्हायला हवा, नाहीतर नुसता नारिंगी डाग दिसतो. ताई म्हणतात, जुन्या नाटकांत पायाशी दिवे असायचे तेव्हा नाकाची सावली कपाळाकडे जायची, ते ध्यानात ठेव. भोई घडवायचं काम दादांकडे आहे, पालखीची चौकट मुलं प्रिंट करणार आहेत, वेताळाचे डोळे काका आखणार. मशाली माझ्याकडे आहेत.